मोटर बदलली तरी चढावर बंद पडते: लहान चाकांच्या ई-सायकलीचे दुखणे कसे शोधावे

वीस किंवा सोळा इंची चाकांची ई-सायकल सपाटीवर बिनतक्रार चालते. मात्र खाडीच्या कडेने वर सड्याकडे, म्हणजे जांभ्याच्या पठाराकडे, नेणारा चढ लागला की मोटर मध्येच झटके देऊन थांबते, काही क्षणांनी आपोआप चालू होते आणि पुढच्या वळणावर पुन्हा तोच प्रकार घडतो, ही तक्रार कोकण किनाऱ्यावर अशी सायकल वापरणाऱ्यांकडून वारंवार ऐकू येते. त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला असतो: मोटर कमी पडते, मोठी बसवा. मोठी मोटर बसते, काही दिवस बरे जातात आणि मग दुखणे मूळपदावर येते, कित्येकदा आधीपेक्षाही लवकर. याचे कारण असे की चढावर सायकल थांबण्याचा दोष बहुतेक वेळा मोटरमध्ये नसून बॅटरीत, तारांच्या जोडांत किंवा ब्रेकच्या स्विचमध्ये असतो, आणि जास्त वॅटची मोटर हे दोष झाकत नाही, उलट त्यांच्यावर अधिक ताण टाकते. मोटर खरोखरच बदलावी लागते असेही प्रसंग असतात. पण तिथवर पोहोचण्याआधी खालील तपासणी पूर्ण व्हायला हवी, कारण तिला लागणारा मल्टिमीटर मोटरच्या किमतीच्या मानाने क्षुल्लक खर्चात मिळतो.

आधी ती कशी थांबते ते पाहावे

मोटर बंद पडणे हे लक्षण एकच दिसत असले तरी थांबण्याची तऱ्हा कारणानुसार बदलते, आणि चढावर वैतागलेला माणूस नेमके तेच पाहायला विसरतो. हँडलवरचा डिस्प्ले पूर्ण काळा पडत असेल आणि बटण दाबून सायकल नव्याने चालू करावी लागत असेल, तर बॅटरीच्या आतील संरक्षक सर्किटने, म्हणजे बीएमएसने, पुरवठा तोडला आहे किंवा बॅटरी तिच्या खाचेत सैल बसली आहे. डिस्प्ले चालू राहतो, पण चढावर बॅटरीच्या पट्ट्या भराभर उतरून एकावर येतात आणि थ्रॉटल (हँडलवरचा वेग वाढवण्याचा खटका) सोडताच पुन्हा वर चढतात, असे दिसले तर कंट्रोलरने, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला मोजून देणाऱ्या सर्किटने, कमी व्होल्टेजमुळे मोटर थांबवली असे समजावे. मोटर थरथरत असेल, करकर आवाज करत असेल, विशेषतः जागेवरून सुटताना अडखळत असेल, तर संशय हॉल सेन्सर (मोटरची स्थिती ओळखणारे संवेदक) आणि त्यांच्या जोडांवर घ्यावा. कसलाही झटका न देता, जणू कोणी हलकेच स्विच बंद केल्यासारखी ती थांबत असेल आणि हा प्रकार खड्ड्यांत किंवा पावसात अधिक घडत असेल, तर ब्रेकच्या मुठीकडे पाहावे. आणि पहिली पाच-दहा मिनिटे ठीक जाऊन नंतर जोर ओसरत असेल आणि उतरून हबला (चाकाच्या मध्यभागी मोटर असलेल्या भागाला) हात लावल्यास चटका बसत असेल, तरच उष्णतेचा विचार सुरू करावा.

ही निरीक्षणे करताना एक पथ्य पाळावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. मोटर, कंट्रोलर आणि बॅटरी असे तिन्ही भाग एकदम बदलून घेतलेल्या सायकलीचे दुखणे शोधणे सर्वांत कठीण जाते.

बॅटरीचा दाब चढावर किती कोसळतो

लहान घडीच्या सायकलींत साधारणपणे ३६ व्होल्टची बॅटरी असते. तिच्यात लिथियमचे दहा सेल-गट एकापुढे एक जोडलेले असतात; पूर्ण भरल्यावर ती ४२ व्होल्ट दाखवते आणि तिचा दाब ३० ते ३१ व्होल्टच्या आसपास आला की कंट्रोलर मोटर थांबवतो. सायकल उभी असताना मोजलेला दाब आणि चढावर भार पडल्यावरचा दाब यांत तफावत असते, कारण सेलना, त्यांना जोडणाऱ्या पट्ट्यांना आणि तारांना स्वतःचा रोध असतो. लहान बॅटरीच्या बाबतीत हा रोध पाव ओहमच्या घरात असणे नवलाचे नाही. मूळच्या कंट्रोलरने १५ अँपिअर ओढले तर पाव ओहमवर पावणेचार व्होल्ट खर्च होतात. निम्म्याहून थोडी अधिक उतरलेली, ३६ व्होल्ट दाखवणारी बॅटरी अशा वेळी सव्वाबत्तीसवर येते आणि सायकल कशीबशी चढ पार करते. आता तिला मोठी मोटर आणि २२ अँपिअरचा कंट्रोलर बसवला की त्याच बॅटरीवर साडेपाच व्होल्टचा खड्डा पडतो, दाब साडेतीसवर उतरतो आणि कंट्रोलर हात वर करतो. मोटर मोठी करूनही सायकल आधीपेक्षा लवकर का थांबते याचे उत्तर या एका वजाबाकीत आहे.

येथे अनेकांचा असा समज होतो की बॅटरीची साठवण कमी पडते. हिशेब तसे सांगत नाही. स्वार, सायकल आणि पिशव्या मिळून १०५ किलो वजन धरले आणि खाडीपासून सड्यापर्यंतची उंची १०० मीटर मानली, तर ते वजन वर नेण्यासाठी लागणारी ऊर्जा २९ वॅट-तासांहून अधिक नसते. मोटरची आणि कंट्रोलरची तूट धरली तरी ती ४० ते ४५ वॅट-तासांत बसते. ३६ व्होल्ट आणि ७.८ अँपिअर-तासांच्या लहान बॅटरीत २८० वॅट-तास साठतात. म्हणजे एका चढाला तिचा सहावा-सातवा हिस्सा लागतो. अडचण साठ्याची नसून एकदम किती ओढता येते याची आहे, आणि म्हणूनच भरलेल्या बॅटरीने सकाळी सहज पार होणारा चढ संध्याकाळी परतताना अडतो.

मोजणी अशी करावी. अनेक डिस्प्लेंवर पट्ट्यांऐवजी थेट व्होल्ट दाखवण्याची सोय असते. ती नसेल तर बॅटरीच्या तारांवर लहान व्होल्टमीटर कायमचा बसवून घ्यावा. उभ्या सायकलीचा आकडा पाहून ठेवावा, चढावर पूर्ण जोर असताना दुसऱ्यांदा पाहावा आणि दोहोंतला फरक कंट्रोलरच्या अँपिअरने भागावा; येणारा आकडा म्हणजे रोध. पंधरा अँपिअरवर साडेचार व्होल्टपेक्षा अधिक घसरण होत असेल तर बॅटरी थकली आहे किंवा तिच्या जोडात कुठेतरी रोध वाढला आहे. खाचेतील पितळी पात्या काळ्या पडल्या असतील, प्लॅस्टिक किंचित वितळले असेल, तर दोष तिथेच सापडतो आणि बॅटरी वाचते.

डिस्प्ले पूर्ण काळा पडण्याचा जो प्रकार वर सांगितला, त्याचे पावसाळ्यात एक खास कारण असते. आपल्याकडे वादळी पावसात वीज रात्र-रात्र जाते आणि बॅटरी आठवडेच्या आठवडे अर्धवट भरून वापरली जाते. सेल-गटांना एका पातळीवर आणण्याचे काम बीएमएस सहसा चार्जिंगच्या अगदी शेवटच्या टप्प्यात करतो. तो टप्पाच आला नाही तर एखादा गट मागे पडत जातो. मग एकूण दाब ३५ व्होल्ट दिसत असतानाही तो एक गट चढावर तळ गाठतो आणि बीएमएस सगळ्याच बॅटरीचा पुरवठा तोडतो. यावर उपाय असा की वीज टिकेल अशा दिवशी, घरात कोणी जागे असताना, बॅटरी पूर्ण भरून हिरवा दिवा लागल्यानंतरही काही तास चार्जरवर ठेवावी, आणि असे दोन-तीनदा करावे. त्यानंतरही गट सावरला नाही तर ती बॅटरी दुरुस्तीला देणे भाग आहे. मात्र बीएमएस काढून थेट जोडणी करून देतो असे कोणी म्हणाले, तर बॅटरी परत घेऊन निघावे. त्या सर्किटाशिवाय लिथियमची बॅटरी घरात ठेवणे हा आगीशी खेळ आहे.

खारी हवा, पाणी आणि पाच बारीक तारा

कोकणात पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या दोषांपैकी सर्वांत फसवा दोष हा आहे, म्हणून त्याच्यावर थोडा वेळ खर्च करणे योग्य ठरेल.

हब मोटरला तीन जाड तारांतून वीज मिळते आणि मोटरचे चुंबक कोणत्या क्षणी कुठे आहेत ही माहिती तीन हॉल सेन्सर पाच बारीक तारांतून कंट्रोलरला देतात: लाल तारेत ५ व्होल्ट, काळी तार ऋण, आणि पिवळ्या, हिरव्या व निळ्या तारांतून खुणा. या सगळ्या तारा, आणि बहुधा वेग मोजणारी नववी तार, एकत्र होऊन चाकाच्या एक्सलजवळच्या एका गोल कनेक्टरमध्ये येतात. तो जलरोधक म्हणून विकला जातो आणि गोड्या पाण्याच्या शिंतोड्यांपुरता तसा असतोही. समुद्रकाठी प्रश्न पावसाचा कमी आणि मिठाचा अधिक असतो. साधे मीठ हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतूनच पाणी ओढून विरघळते; किनाऱ्यावर पावसाळ्यात, आणि एरवीही पहाटे, आर्द्रता त्याच्या वर असते. त्यामुळे कनेक्टरमध्ये एकदा मिठाचा थर शिरला की पाऊस नसतानाही तो ओलाच राहतो, शेजारच्या पिनांमध्ये वीज झिरपू लागते आणि कंट्रोलरला मोटरची स्थिती चुकीची कळते. दुपारी हवा कोरडी झाली की दोष नाहीसा होतो. मेकॅनिककडे सायकल दुपारी नेली जाते आणि ती तिथे शहाण्यासारखी चालते.

दाभोळ-धोपावे फेरीबोटीने ये-जा करणाऱ्या एका शिक्षकांच्या वीस इंची सायकलीचा कनेक्टर उघडून पाहण्याचा योग आला होता. त्या सायकलीची मोटर एका दुकानाने आधीच बदलून दिली होती आणि दुखणे कायम होते. कनेक्टरची दोन टोके ओढून वेगळी केली तेव्हा आतून पाण्याचा एक थेंब बाहेर आला; तो बोटावर चिकट लागत होता. नऊपैकी आठ पिनांवर फिकट हिरवा थर होता, पण त्या शाबूत होत्या. नववी पिन, जिला लाल बारीक तार जोडलेली होती, ती मात्र बुडाशी सुईच्या टोकाएवढी उरली होती आणि नखाने दाबताच वाकली. खारट ओलाव्यात धन बाजूचा धातू विरघळत जातो, त्यामुळे सतत ५ व्होल्ट वाहणारी पिन सर्वांत आधी झिजते. आणि तीच गेली की तिन्ही सेन्सर एकाच वेळी मुके होतात. दुकानाने नवी मोटर जोडली होती ती कंट्रोलरकडून येणाऱ्या याच जुन्या केबलला, त्यामुळे नव्या मोटरच्या नशिबीही तीच पिन आली.

हॉल सेन्सरची चाचणी घरी होते. सायकल उलटी करून किंवा स्टँडवर चाक उचलून घ्यावी आणि तिचे बटण चालू ठेवावे. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून काळी दांडी काळ्या बारीक तारेला आणि लाल दांडी लाल बारीक तारेला कनेक्टरच्या मागच्या बाजूने टेकवावी. ५ व्होल्टच्या जवळपास आकडा यायला हवा. तो चारच्या खाली असेल तर बाकीची तपासणी निरर्थक आहे, आधी पुरवठा शोधावा. आकडा ठीक असेल तर लाल दांडी पाळीपाळीने पिवळ्या, हिरव्या आणि निळ्या तारेला लावून चाक अगदी हळू फिरवावे. प्रत्येक तारेवर आकडा शून्याजवळून पाचजवळ आणि पुन्हा शून्याकडे असा स्पष्ट उडी मारत राहिला पाहिजे. येथे एक खुबी ध्यानात ठेवावी: गिअर असलेल्या हब मोटरमध्ये चाक पुढे फिरवले तर आतील मोटर फिरतच नाही, कारण मध्ये एकेरी क्लच असतो, म्हणून चाक मागच्या दिशेने फिरवावे. हे ठाऊक नसल्यामुळे चांगल्या मोटरला ‘हॉल गेला’ असे प्रमाणपत्र मिळते. एखाद्या तारेवरचा आकडा दोन-अडीचवर घुटमळत असेल तर तो ओलाव्याचा किंवा मरत चाललेल्या सेन्सरचा पुरावा असतो. कोणता, ते ठरवण्यासाठी कनेक्टर धुऊन, सुकवून पुन्हा मोजावे.

धुण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश वापरावा. मीठ जास्त असेल तर आधी पुरवठा पूर्ण बंद करून, बॅटरी काढून, कनेक्टर गोड्या पाण्याने विसळावा, कारण अल्कोहोलमध्ये मीठ फारसे विरघळत नाही. पूर्ण सुकल्यावर दोन्ही टोकांत विजेच्या जोडांसाठी मिळणारे सिलिकॉन ग्रीस भरावे आणि बाण जुळवून ती सरळ दाबावीत. वरून साधी काळी इन्सुलेशन टेप गुंडाळण्याची सवय सोडावी; ती आतले पाणी बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरचे अडवतही नाही. ताणल्यावर स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप हार्डवेअरच्या दुकानात मिळते, ती वापरावी. स्नानगृहाच्या फटी भरण्याचे, लावताना व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन तर अजिबात भरू नये, कारण ते वाळताना ॲसिटिक ॲसिड सोडते आणि तांबे खाते. न्यूट्रल प्रकारचे असेल तरच चालेल.

पाणी आत शिरण्याची दुसरी वाट एक्सलच्या पोकळीतून जाते, जिथून केबल मोटरमध्ये शिरते. एक्सलमधून निघालेली केबल सरळ वर फ्रेमकडे नेलेली असेल तर तिच्यावरून ओघळणारे पाणी थेट हबमध्ये उतरते. केबल आधी खाली झुकून मग वर जाईल असा वळसा तिला द्यावा, म्हणजे पाणी तळाशी टपकून जाईल. लहान चाकांना हे अधिक लागू पडते: वीस इंची चाकाचा एक्सल जमिनीपासून जेमतेम २५ सेंटिमीटरवर असतो, सव्वीस इंचीचा ३३ वर. भरतीच्या वेळी रस्त्यावर चढलेल्या पाण्यातून मोठी सायकल कोरडी निघते तिथे लहान सायकलीचा हब भिजतो. त्यातही चढावर तापलेला हब एकदम गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढले जाते. अशा पाण्यातून जावेच लागले तर आधी पाच-दहा मिनिटे थांबून हब निवू द्यावा, आणि घरी आल्यावर प्रेशर वॉशर न लावता ओल्या फडक्याने पुसावा. नळीचा जोरदार फवारा बेअरिंगच्या सीलमधून खारे पाणी आत ढकलतो. सायकल स्वच्छ ठेवणाऱ्यांच्याच मोटर त्यामुळे लवकर गंजतात, ही या भागातली थोडी अन्यायाची बाब आहे.

ब्रेकची मूठ, थ्रॉटल आणि एक्सल

ब्रेक दाबताच मोटर बंद व्हावी म्हणून मुठीत लहान स्विच असतो. तो ओला झाला, त्यात गंज चढला किंवा मूठ पूर्ण परत आली नाही तर ब्रेक दाबलेलाच आहे असे कंट्रोलर धरून चालतो. तपासण्यासाठी दोन्ही मुठींचे बारीक कनेक्टर काढून, रहदारी नसलेल्या ठिकाणी, थोडे अंतर सायकल चालवून पाहावी. दोष गेला तर स्विच बदलावा. कनेक्टर कायमचे काढून ठेवून ‘काम झाले’ म्हणू नये.

थ्रॉटलच्या बाबतीत मात्र उलटा धोका असतो. त्याची खुणेची तार साधारण ०.८ व्होल्टपासून चारच्या वरपर्यंत आकडा देते. ओलाव्यामुळे ५ व्होल्टची तार तिच्यात झिरपली किंवा थ्रॉटलची काळी तार तुटली, तर हात न लावता मोटर जोरात सुटू शकते. सायकल उभी असताना मोटर क्षणभर जरी आपोआप हलली तरी ती त्या दिवशी चालवू नये.

एक्सलच्या दोन्ही टोकांना समोरासमोर चपट्या बाजू असतात आणि त्या फोर्कच्या खाचेत बसून मोटरचा उलटा पीळ (टॉर्क) झेलतात. खाच ॲल्युमिनियमची असेल आणि टॉर्क आर्म (एक्सल फिरू न देणारी पोलादी पट्टी) लावलेला नसेल तर प्रत्येक चढावर एक्सल केसभर फिरतो, पुन्हा मागे येतो, आणि त्यातून जाणारी केबल पिळली जाऊन तिचे आवरण फाटते. पीळ वाढून एक्सल खाचेतून सुटला तर सायकलस्वार तोंडावर आपटतो, विशेषतः मोटर पुढच्या चाकात असेल तर. नट आवळल्यावर नटावरून फोर्कवर येईल अशी रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली की एक्सल हलला असे समजावे. पुढच्या चाकात मोटर असेल तर फोर्क पोलादाचा असावा आणि टॉर्क आर्म असावाच. यावर तडजोड सुचवणाऱ्या दुकानदाराकडून मोटर घेऊ नये.

मोटर खरेच बदलायची असेल तेव्हा

वरील सर्व गोष्टी ठीक असूनही हब चटका देण्याइतका तापत असेल, किंवा गिअरच्या दातांचा खडखडाट येत असेल, तर मोटर बदलण्याचा विचार रास्त आहे. माशांची टोपली किंवा आंब्याची पेटी घेऊन रोज सडा चढणाऱ्याच्या बाबतीत ही वेळ येते. हबमधले गिअर सहसा नायलॉनचे असतात, उष्णतेने ते मऊ पडतात आणि त्यांचे दात झिजतात. पुष्कळ मोटरचे गिअर वेगळे मिळतात आणि तेवढेच बदलून काम भागते.

खरेदी करताना बहुतेक लोक वॅटचा आकडा विचारतात. विचारायला हवा तो फेऱ्यांचा. वीस इंची चाकाचा परीघ दीड मीटरच्या आसपास असतो, सोळा इंचीचा सव्वा मीटरहून थोडा कमी आणि सव्वीस इंचीचा दोन मीटरहून थोडा जास्त. ताशी २५ किलोमीटर वेगासाठी वीस इंची चाकाला मिनिटाला सुमारे २८० फेरे घ्यावे लागतात, सव्वीस इंचीला २०० पुरतात. त्यामुळे लहान चाकांसाठी विक्रेते ३०० च्या वर फेऱ्यांची मोटर देतात आणि सपाट शहरात ते योग्यही आहे. किनाऱ्याच्या चढांसाठी मात्र मोठ्या चाकासाठी वळण दिलेली, २०० ते २६० फेऱ्यांची मोटर वीस इंची चाकात घालणे शहाणपणाचे ठरते. तिच्या तारेला वेढे अधिक असतात, त्यामुळे त्याच कंट्रोलरच्या तेवढ्याच अँपिअरला ती अधिक पीळ देते. सपाटीवरचा वेग ताशी १८ ते २३ किलोमीटरच्या आसपास थांबतो. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या सपाट पुलावर थोडे मागे पडाल, पण आरे-वारेच्या चढावर उतरून ढकलावे लागणार नाही.

चाक लहान आहे म्हणून सायकल चढत नाही, हा समज इतका पक्का बसला आहे की त्याचा उलगडा करणे आवश्यक वाटते. बारास एक अशा (बारा मीटर अंतराला एक मीटर उंचीच्या) चढावर १०५ किलो वजन ओढायला चाकाच्या कडेवर ९५ न्यूटनच्या आसपास बल लागते. वीस इंची चाकात त्यासाठी मोटरला साधारण २४ न्यूटन-मीटर पीळ द्यावा लागतो, सव्वीस इंचीत ३१. मोटरच्या तांब्यात होणारी उष्णता पिळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे तोच चढ, तेच वजन आणि तीच मोटर असताना मोठ्या चाकात जवळजवळ पावणेदोन पट उष्णता होते. लहान चाक चढावर मोटरला मदत करते. त्याच कारणाने गिअर नसलेली, थेट फिरणारी जड मोटर येथे सुचवावीशी वाटत नाही: ती सपाटीवर शांत आणि टिकाऊ असते, पण चढावरच्या संथ वेगात तिला तेवढाच पीळ देण्यासाठी जास्त विजेची उष्णता करावी लागते, आणि घडीची सायकल जिन्यावरून उचलणाऱ्याला तिचे वजन रोज आठवण करून देते.

कायद्याची बाजूही फेऱ्यांच्या निवडीलाच अनुकूल आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मोटरची तीस मिनिटांची (सलग अर्धा तास देता येणारी) शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, मोटरची मदत ताशी २५ किलोमीटरला थांबणारी आणि बॅटरी वगळता वजन ६० किलोपर्यंत असेल, तर पेडलची ई-सायकल मोटार वाहन धरली जात नाही. पाचशे वा हजार वॅटची मोटर बसवताच ही सूट संपते. मग नोंदणी, विमा आणि परवाना यांशिवाय ती सार्वजनिक रस्त्यावर आणणे बेकायदा ठरते आणि अपघात झाला तर प्रश्न फार अवघड होतो.

नवी मोटर जोडताना तारांच्या रंगांवर विसंबू नये. जुन्या कंट्रोलरचा पिवळा आणि नव्या मोटरचा पिवळा एकच अर्थ सांगतात असे नाही. तीन जाड आणि तीन खुणेच्या तारांच्या ३६ जुळण्यांपैकी ६ च बरोबर असतात, त्यातही निम्म्या उलट फिरवतात. काही चुकीच्या जुळण्यांत मोटर फिरते, तरी आवाज करत आणि तापत राहते, आणि नेमका हाच दोष पुढे ‘मोटर कमी पडते’ या नावाने ओळखला जातो. चाक उचलून पूर्ण थ्रॉटल दिल्यावर कंट्रोलर एक-दीड अँपिअरच्या आसपास ओढत असेल आणि आवाज एकसारखा असेल तर जुळणी ठीक आहे. तीन-चार अँपिअर ओढत असेल तर जुळणी बदलावी. मात्र जुळण्या तपासताना आधी थ्रॉटल थोडाच द्यावा आणि मोटर सुरळीत फिरली तरच पूर्ण, कारण चुकीच्या जुळणीत पूर्ण जोर दिल्यास कंट्रोलरमधील मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारे भाग) उडतात. कंट्रोलर सेन्सरशिवायही चालणारा असेल तर उत्तम: हॉल कनेक्टर काढूनही मोटर चालू राहते, आणि चढावर सेन्सर मुके झाले तरी घरी पोहोचता येते.

चाकाच्या तारांबद्दल (स्पोकबद्दल) दुकानात बहुधा जाड, १२ गेजच्या तारांचा आग्रह धरला जातो. हबचा घेर मोठा आणि रिम लहान असल्यामुळे तारा आखूड असतात, रिमच्या भोकाशी तिरक्या बसतात, आणि जाड तार थोडीही लवचिकपणे ताणली जात नसल्याने निपलपाशी (तार रिमला आवळणाऱ्या नटापाशी) वाकून मोडते. वीस इंची चाकाला १३ किंवा १४ गेजच्या तारा मागाव्यात, रिमची भोके निपलच्या कोनात आहेत का ते पाहावे आणि पहिल्या महिन्यात एकदा सर्व तारांचा ताण पुन्हा सारखा करून घ्यावा.